कचऱ्याच्या गाडीपाशी उभी चित्रकर्ती

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या पेठेचे प्रमुख माननीय जियान साहेब, व्यासपीठावरील प्रकाशिका श्रीमती ओउयांग, आजच्या सत्कारमूर्ती चित्रकर्ती शाओ पेइ-जुनताई, माझ्याआधी बोलून दमलेले व माझ्यानंतर बोलण्यासाठी घसा साफ करणारे सर्व मान्यवर, आणि मागच्या दाराजवळची खुर्ची धरून मेजवानीच्या वासावर लक्ष ठेवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो,

आज रविवार. तैपेईत रविवारी कचऱ्याची गाडी फिरत नाही, म्हणूनच हे सभागृह इतकं भरलं आहे. एरवी गाडीवर वाजणारी ती पियानोची धून कानी पडताच अध्यक्षांसकट सगळी सभा पिशव्या उचलून रस्त्यावर धावली असती आणि माझ्यापुढे नुसत्या खुर्च्या उरल्या असत्या. आधीच्या वक्त्यांना त्यात फारसा फरक जाणवला नसता, तो भाग निराळा.

मला ताईंच्या कलेच्या प्रेरणेविषयी बोलायला सांगितलं आहे. मी संस्कृतचा विद्यार्थी; आमच्या जुन्या शास्त्रकारांनी कलेला प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास अशी तीन कारणं दिली. चौथं त्यांना सुचलं नाही, कारण त्यांच्या दारी कचऱ्याची गाडी येत नसे.

श्रीमती ओउयांग प्रत्येक मुलाखतीत सांगत आल्या की ताईंची प्रेरणा म्हणजे डोंगरातलं धुकं. सभ्य प्रकाशिकेनं असंच सांगायचं असतं. पण हातात छोटीशी पिशवी घेऊन सर्वांत आधी कोपऱ्यावर येऊन उभी राहणारी ही बाई आम्ही रोज पाहत होतो. एका माणसाचा कचरा तो किती असणार? तरी ती रोज यायची. आम्हाला वाटलं, स्वच्छतेची आवड. ताईंच्या दुसऱ्या हातात पेन्सिल असे, हे कुणी पाहिलं? जो तो गाडी पाहत होता.

मग त्यांचं प्राण्यांच्या बाजाराचं पुस्तक आलं. सोयादुधाच्या दुकानाच्या मालकीण फांग काकू ते नातवाला वाचून दाखवत होत्या. त्यातल्या पाणम्हशीच्या एका पायात जांभळी चप्पल होती, दुसऱ्यात हिरवी. काकूंनी आपल्या पायांकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीनं आपापलं पान शोधलं होतं. हार्डवेअरवाले पेंग काका बेडूक निघाले. तक्रार आली की अंगाचा गोळा करून बसणारं खवल्या मांजर कोण, हे मी सांगणार नाही. अध्यक्षस्थानाचा मान राखला पाहिजे. पाणी पाहत एका पायावर उभा राहणारा बगळाही त्यात आहे. संस्कृत शिकलेल्या माणसाला बकध्यानाचा अर्थ सांगावा लागत नाही. मी मुकाट्यानं पान उलटलं.

आपल्याला वाटेल, गल्ली चिडली असेल. छे. पेंग काकांचं म्हणणं एवढंच होतं, "बेडूक तर बेडूक, पण फांगबाईला दोन पानं आणि मला अर्धं? माझं पोट अर्ध्या पानात मावतं तरी का?"

खरं संकट पुढंच होतं. दुसऱ्या दिवसापासून आमची गल्ली नटून कचरा टाकायला येऊ लागली. फांग काकू रेशमी झग्यात. पेंग काका गंजीफ्रॉक सोडून टायमध्ये. माशांची डोकी भरलेली पिशवी अशा थाटात धरलेली, की जणू लग्नाचा अहेर. एरवी दोन पायांवर सुखानं वाकडी उभी राहणारी माणसं खांबासारखी ताठ झाली. भांडणंसुद्धा थांबली. चित्रकाराला याहून मोठं दुःख कोणतं?

ताईंचा हात थांबला. दुसऱ्या पुस्तकाचा करार झालेला, पानं कोरी. श्रीमती ओउयांगनी त्यांना मोठ्या आशेनं डोंगरातल्या पाहुणघरात धाडलं, धुक्यात. तिथून ताईंनी एकच डोंगर काढून आणला, आणि तोही पाठमोऱ्या पेंग काकांसारखा दिसत होता.

अखेर ताईंनी शहराबाहेर, भाचीच्या उंच इमारतीत जायचं ठरवलं. तिथं कचरा तळघरातल्या खोलीत परस्पर जातो, कुणी कुणाला भेटत नाही. मी विचारलं, तिथं काय काढणार? म्हणाल्या, "इथं माणसं समोर असून दिसत नाहीत. तिथं निदान समोर तरी नसतील."

आम्ही दुसरं काय करणार? निरोप समारंभ ठरवला, सभागृह घेतलं, आचारी सांगितला.

आणि गेल्या आठवड्यात वादळाची सूचना आली. गाडी संध्याकाळची वाट न पाहता भरदुपारीच धून वाजवत गल्लीत शिरली. नटायला वेळ कुणाला? पेंग काका खिडकीच्या काचांना चिकटपट्ट्या लावत होते. एक पट्टी कानाला घेऊनच धावले. अध्यक्षमहोदय अर्ध्या केसांना कलप लावून आले, आणि त्यांचे केस मुळातच काळे आहेत हा पेठेचा जुना समज अर्धा पांढरा झाला. फांग काकूंच्या तोंडाला पांढरा लेप, डोळे तेवढे उघडे. गाडी सुटू लागली, तशा त्या पिशवी उंच धरून तिच्या मागं धावल्या. तेवढ्यात नजर कोपऱ्यावर गेली.

"ए पेइ-जुन, आज नको गं. तोंड बघ माझं."

"काकू," ताई म्हणाल्या, "तोंड फिरवू नका."

आणि काकू, बंधूंनो नि भगिनींनो, फिरल्या नाहीत. गाडी गेली, पाऊस आला, आणि तोंडावरचा लेप ओघळत असताना त्या कचऱ्याची पिशवी तशीच उंच धरून उभ्या राहिल्या. ताईंची पिशवी वाऱ्यानं पालथी झाली होती. तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. कागद भिजत होता आणि हात चालला होता.

त्याच दिवशी त्यांनी भाचीला फोन केला. भाचीनं न येण्याचं कारण विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "माझा इथला कचरा अजून संपला नाही."

सभागृह घेतलेलं होतं, आचारी ऐकेना, म्हणून निरोप समारंभाचा सत्कार समारंभ झाला. दारावरची पाटी मात्र बदलायची राहिली. ती वाचून ज्यांनी डोळे पुसले असतील त्यांनी ते अश्रू वाया गेले असं मानू नये.

ताई, आपण राहिलात, आम्ही ऋणी आहोत. अध्यक्ष, संयोजक आणि वादळ यांचे आभार. माझ्या बोलण्यात कुणाचा मान दुखावला असेल, तर उद्या संध्याकाळी गाडीपाशी मला खडसावून विचारा, मी हात जोडून क्षमा मागेन. फक्त येताना नीटनेटके होऊन येऊ नका.