वादसभेत राहिलेली एक पाळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख माननीय श्यामसुंदर खळदकर साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले मुख्याध्यापक दिगंबर सर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या सर्वांच्या तांबोळी बाई, शिक्षकवृंद, पालक, माझ्यासारखे जुने विद्यार्थी, आणि पंख्याखालच्या जागेसाठी मघापासून एकमेकांना कोपरं मारणारे आजचे विद्यार्थी, सर्वांना माझा सविनय जयभीम आणि नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख फारच भारदस्त करून दिली. हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी म्हणे मोठ्या हुद्द्यावर आहे. माझ्या साहेबांना हे कळवायला हवं, त्यांना अजून कल्पना नाही. मी शर्मिला ओव्हाळ, या शाळेतून ब्याण्णव साली दहावी झाले. विश्रांतवाडीहून रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जाते आणि अर्धा जन्म त्या बसमध्ये काढते, एवढीच माझी खरी ओळख.

मला इथे का बोलावलं, हे मात्र आत्ता अर्ध्या तासापूर्वी कळलं. चहाच्या वेळी अध्यक्षसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी प्रेमाने सांगितलं, "शर्मिला, बाईंबद्दल दोन शब्द बोल आणि शेवटी एक घोषणा करून टाक. तुझ्या तोंडून शोभेल." घोषणा अशी, की बाईंच्या निवृत्तीबरोबर शाळेतली सगळी मंडळं बंद होतील आणि या शनिवारपासून वरच्या हॉलमध्ये संगणक केंद्र सुरू होईल. बाई, तुम्हाला हे माहीत नव्हतं, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. तुम्हाला हे माझ्याकडून कळावं याचं मला फार वाईट वाटतं. मी हे टेबल धरून बोलते. चालेल ना, सर?

नव्या पालकांसाठी सांगते. शनिवारी शेवटचे दोन तास या शाळेत पुस्तकं मिटतात. विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, नाट्य मंडळ, आणि वरच्या हॉलमध्ये वादसभा. अध्यक्ष, चिटणीस मुलांनीच निवडायचे, शिक्षकांना मत नाही. विज्ञान मंडळाने एकदा ज्वालामुखी केला होता, त्याचा डाग प्रयोगशाळेच्या छताला अजून आहे. संस्थेने दोनदा रंग दिला, डाग दोनदा वर आला. पण खरं सांगू का, जाळाचे खेळ वादसभेतच जास्त झाले.

कारण तिथे बाईंचा एक नियम होता. समोरच्याला खोडून काढायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपण उभं राहून मांडायचं. तेही असं, की त्याने "बरोबर" म्हटलं पाहिजे. तो "नाही" म्हणाला, की पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदा त्याने "बरोबर" म्हटलं, की पुढची पाळी त्याची. त्याने उठून तुमचं म्हणणं मांडायचं. त्याशिवाय वाद सुटायचा नाही आणि आम्हीही सुटायचो नाही. घंटा झाली तर पुढचा शनिवार.

मी नववीत होते तेव्हा सगळ्या देशात आरक्षणावरून रण माजलं होतं. वादसभेत तोच विषय निघाला. विरोधात बोलला अभय. मी त्याचं म्हणणं मांडलं. "नाही." पुन्हा मांडलं. "नाही, असं नाही म्हणालो मी." मला इतका राग आला होता, की मी त्याला खलनायक केल्याशिवाय माझं वाक्यच पुरं होत नव्हतं. बाई खिडकीशी बसून स्वेटर विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शर्मिला, तो काय बोलला ते सांग. तो कसा माणूस आहे ते नको." मग मी म्हटलं, याच्या दादाला मार्क असून मेडिकलला जागा मिळाली नाही. घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. आणि याला वाटतं, यात आमची काय चूक झाली? तेव्हा अभय म्हणाला, "बरोबर." हळूच म्हणाला.

मग त्याची पाळी आली. तो उठला आणि म्हणाला, "बाई, हिचं म्हणणं मला माहीतच नाही. मी हिच्या घरी कधी गेलेलो नाही."

बाई म्हणाल्या, "लांब आहे का?"

"नाही. नाल्याच्या पलीकडे."

"मग जाऊन ये."

आला की हो. आमच्या आईने, हिराबाईने, चहा केला. माझे वडील कचरू ओव्हाळ, आमचे अण्णा, कारखान्यात कामाला होते. त्यांनी त्याला सांगितलं, की राखीव जागेतून सुपरवायझर झालो त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी जेवायला बसत नाही. मी एकटा डबा खातो. अहो, हे आम्हालाही माहीत नव्हतं. घरी कधी बोलले नव्हते. अभयने विचारलं म्हणून बोलले, आणि मी दारात कपबश्या घेऊन उभी होते म्हणून मला कळलं. पुढच्या शनिवारी अभयने ते साऱ्या वादसभेसमोर सांगितलं आणि मला "बरोबर" म्हणायचं होतं. बाईंनी विणकाम खाली ठेवलं आणि मला वेळ दिला.

अभयचं मत बदललं का? अजिबात नाही. तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय, विचारा त्याला. दर दिवाळीला घरी येतो आणि अण्णांशी तावातावाने भांडतो. पण भांडतो आमच्या घरी जेवायला बसून.

आता आजचं. साहेब, आपण घड्याळाकडे बघताय, मला कल्पना आहे. थोडं सांभाळून घ्या. बाईंच्या विद्यार्थिनीने नियम मोडून कसं चालेल? म्हणून आपलं म्हणणं मी आधी मांडते. आपण म्हणता, आजूबाजूला इंग्रजी माध्यमाच्या चार शाळा झाल्या. आपल्या तुकड्या रोडावताहेत. तुकडी तुटली, की इथे बसलेल्या शिक्षकांपैकी कुणाची तरी नोकरी जाते. पालक दारात आल्यावर पहिला प्रश्न विचारतात, संगणक आहे का? वादसभा आहे का, असं आजवर एकाही आईबापाने विचारलेलं नाही. आणि मुलांना उद्या पोटापाण्याला लावील तो संगणकच, याचा पुरावा म्हणून ही शर्मिला इथे उभी आहे. साहेब, बरोबर?

नाही म्हणताय? मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. अध्यक्ष म्हणाले, "एक राहिलं. गेल्या शनिवारच्या वादानंतर काही पालक माझ्या घरी आले होते, ते राहिलं."

हं. म्हणजे गोष्ट संगणकाची नाहीच.

बसा, बसा, मागच्यांनी कृपया बसून घ्या. मी आवाज चढवणार नाही. गेल्या शनिवारी काय झालं, हे बाईंनी मला फोनवर सांगितलंय. विषय मुलांनीच काढला होता, सोसायटीत घर कुणाला द्यायचं हे सोसायटीने ठरवावं का. यंदा उन्हाळ्याच्या आधीपासून पेपरात रोज दंगलींचं काय काय येत होतं, ते मी इथे उगाळत नाही. मुलं पेपर वाचतात. नववीतला रोहन म्हणाला, ठरवावं. शेजारी कोण असावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आणि नियमाप्रमाणे त्याचं म्हणणं मांडायला उठली मिसबा, यंदाची वादसभेची अध्यक्ष. तिच्यासारख्यांना घर का देऊ नये, हे त्या मुलीने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. कुठे वेडंवाकडं केलं नाही, की रोहनला वाईट ठरवलं नाही. लोक कशाला घाबरतात, तेसुद्धा तिने नीट सांगितलं. रोहन म्हणाला, "बरोबर." आणि घंटा झाली.

म्हणजे या शनिवारी पाळी रोहनची आहे. आणि या शनिवारपासून हॉल बंद.

तेव्हा साहेब, मी पुन्हा पहिल्यापासून मांडते. आपण म्हणता, दिवस बरे नाहीत. मुलांच्या तोंडून निघालेली गोष्ट घरी जाते, घरातून गल्लीत जाते. उद्या शाळेच्या दारात दगड पडला, तर लहान मुलांना मी कुठे लपवू? चाळीस वर्षांची शाळा एका शनिवारसाठी पणाला लावू का? आपल्याला मंडळं नकोशी झालेली नाहीत. आपल्याला भीती वाटते. आता?

मागच्यांसाठी पुन्हा सांगते, अध्यक्षांनी मान हलवली. ते म्हणाले, "बरोबर."

साहेब, मनापासून आभार. एवढ्या लोकांसमोर हे कबूल करणं सोपं नाही, आणि ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मलाही वाटते. पण मिसबाचा विचार करा. तिने समोरच्याचं सगळं बोलून दाखवलं. तिचं म्हणणं मात्र त्या हॉलमध्ये अजून कुणाच्याही तोंडून निघालेलं नाही. आज आपण कुलूप घातलं, तर ती इथून एवढंच शिकून जाईल, की समोरच्याचं म्हणणं बोलायचं आपण आणि त्याची पाळी कधी यायचीच नाही. ते म्हणणं काय आहे, हे मी सांगणार नाही. ते सांगण्याचं काम माझं नाही. संगणक जरूर आणा. कंपनीतले जुने संगणक मिळवायला मी स्वतः खेटे घालीन. सोमवार ते शुक्रवार ठेवा. पण ती घोषणा मी करणार नाही.

बाई, तुमच्याबद्दल दोनच शब्द बोलायचे होते, तेवढेच राहिले. ते मला जमणारही नाहीत, रडू येईल. तुम्ही आमच्यावर फार माया केलीत आणि ती कधी तोंडाने बोलून दाखवली नाहीत.

शाळेने मला बोलावलं, आपण सर्वांनी उकाड्यात शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल, तर मी हात जोडून माफी मागते. ज्यांना राग आला असेल त्यांनी मला जरूर रागवावं. फक्त आधी माझं म्हणणं काय होतं ते मला सांगावं, आणि मी "बरोबर" म्हटलं, की मग हवं ते बोलावं.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता अध्यक्षीय भाषण आहे. साहेब, आपलं म्हणणं मांडून झालं आणि आपण "बरोबर" म्हणालात. आता पाळी आपली. मिसबा पहिल्या रांगेत बसली आहे. तिचं म्हणणं आपल्याला माहीत नसेल, तर तिचं घर इथून जवळच आहे.