तिसऱ्या वर्षाचा कर

अमेरिकेतल्या टोलेडोच्या वाचनालयात करविवरण भरायला आलेल्या इर्माचे कान मागे बसलेल्या बहीणभावांकडेच होते.

"वेन्डेल, कोविडात मी निवृत्तीचे पैसे काढले तेव्हा माझी नोकरी गेली होती. सगळी रक्कम त्याच वर्षीच्या उत्पन्नात दाखवली असती, तर कर नावापुरता बसला असता!"

"मला वाटलं, रोझान, सरकारनं सवलत दिलीच आहे, तर तीन वर्षांत वाटून दाखवली की जड जाणार नाही."

"जळ्ळं तुझं शहाणपण! आता पगार चांगला, त्यात हा शेवटचा हिस्सा. बसला ना सणसणीत कर!"

"मग काढायचेच नव्हते पैसे."

"काढायचे नव्हते? तू नळ्या लावून इस्पितळात पडला होतास, ते बिल काय आपला बाप भरणार होता?"

वेन्डेलला खोकला आला.

"मास्क नाकावर घे, मूर्खा! आता काढायला काही उरलेलं नाही."