तुळशीवरचा पांढरा फेस

किडा म्हणता? — नाही ओ जयतीर्थ, चष्मा लावून नीट बघा की. थुंकी आहे ही. मंजिरीखाली, देठाच्या बेचक्यात, पांढरी, फेसाळ, कुणीतरी तोंडात घोळवून टाकल्यासारखी. तुमची नर्सरी आहे, झाडांतलं तुम्हाला कळतं, सगळं खरं — पण माझ्या लेकानं, साकेतनं, बेंगळुरूहून फोन करून तुम्हाला पाठवलं ते लॉन पिवळं पडलंय म्हणून. लॉनचं बघा ना. तुळशीत कशाला हात — अहो, बोटानं काढू नका ते, उष्टं आहे — अगं बाई. हलतंय की. हिरवं, तांदळाच्या दाण्याएवढंही नाही. आणि डोकं खाली करून बसलंय.

हा एवढा फेस ह्यानं एकट्यानं केला? झाडाचा रस प्यायचा आणि स्वतःभोवती फेस करत बसायचं — आत गुदमरत नाही तो? — असं होय. फेस काढला की वाळून मरतो. म्हणजे आतच बसायचं, दुसरा उपाय नाही. आणि लॉनवरचे ते पिवळे पट्टे, तेही ह्यांचेच? मोठे झाले की काळे होऊन उड्या मारतात, ते होय — मला वाटलं नाकतोडे असतील. पाय टाकला की टुणटुण उडतात.

जरा हळू बोला. ह्या भिंतीपलीकडं शालिनीचा मागचा कट्टा आहे. ऐकू येतंय? कट्, कट् — तिचा अडकित्ता. दुपारचं जेवण झालं की कट्ट्यावर बसून सुपारी कातरते. दिवसाला पंधरा-वीस पानं लागतात तिला. एकवेळ भात नसला तरी चालेल, एले-अडिके, पानसुपारी, पाहिजे. तीस वर्षं शेजारी आहोत आम्ही, मला काय माहीत नाही तिचं? — ही भिंत तेव्हा एवढी नव्हती ओ. कमरेएवढी होती, आणि ते कोपऱ्यातलं लहान दार दिवसभर उघडं असायचं. आमच्या ह्यांना अर्धांग झालं, चार वर्षं झाली, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तेव्हापासून तीन वाजले की शालिनी त्या दारातनं यायची. "तुम्ही जावा अक्का, अण्णांजवळ मी बसते," म्हणायची. आणि मी जायची. कुठं? — कुठंही. भजनाला, बँकेत. एकदा तर काही काम नसताना बसनं धारवाडला गेले, उभ्या उभ्या एक पेढा खाल्ला आणि परत आले. खिडकीशी बसायला मिळालं म्हणून. हसताय तुम्ही. ह्या केशवापूरच्या बाहेर पडायला तेवढे दोनच तास असायचे मला.

मग एक दिवस भजन लवकर आटपलं आणि मी साडेचारलाच आले. पायरीवर चप्पल काढतेय तर आतनं हसण्याचा आवाज. ह्यांच्या. मला वाटायचं, त्यांना आता हसता येत नाही. माझ्यासमोर तोवरच्या दोन वर्षांत एकदाही नाही हसले ओ — मी गोळ्या देते, अंग पुसते, कूस बदलते, आणि ते छताकडं बघत राहतात. आणि हिच्यासमोर, ही आपली अळणावरची, तिच्या माहेरची कसलीतरी गंमत सांगतेय कन्नडमध्ये, आणि हे हसताहेत, तोंडातनं लाळ गळेपर्यंत. मला वाईट वाटलं. वाईट नाही — राग आला. खोटं कशाला बोलू.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, मडीनं, सोवळ्यात, तुळस तोडायला आले तर ही थुंकी. आमच्याकडं शाळिग्रामाची पूजा, तुळशीशिवाय होत नाही. उष्टी तुळस देवाला कशी वाहायची? तेव्हापासून फुलवाली दारात टाकते ती पुडीतली तुळस वाहतेय. — हं, तर मी तशीच देवघरातलं तीर्थ घेऊन त्या दारातनं गेले, तिच्या तळहातावर तीर्थ घातलं आणि म्हटलं, हे तीर्थ हातात धरून सांग, माझ्या तुळशीवर तू थुंकलीस का नाही. ती "ना उगळिल्ल री अक्का," म्हणाली, मी नाही थुंकले. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, मग कोण? तेव्हा तिनं ते तीर्थ प्यायलं नाही, सांडलंही नाही, तळहाताच्या खळग्यात तसंच धरलं, मोरीकडं वाकली आणि पिंक टाकली. लालभडक. आणि मला म्हणाली —

"अक्का, माझी थुंकी पांढरी कधीपासून झाली?"

कळलं होतं हो मला. तिथल्या तिथं कळलं होतं. तिचे ओठ मी तीस वर्षं लाल बघितलेत. पण शब्द गेला होता तोंडातनं, तीर्थ घालून बसले होते, आता मागं कसं फिरायचं? त्याच आठवड्यात गवंडी बोलावला, ही आठ फूट भिंत घेतली. दार तेवढं बुजवलं नाही, कुलूप घातलं. आणि मग भिंतीच्या कडेनं थुंकी वाढतच गेली, तुळशीवर, मोगऱ्यावर, गवतात, आणि मी साकेतला फोनवर सांगायची, बघ, आता गच्चीवरनं थुंकते.

भिंतीमुळंच वाढली म्हणता? — ऊन अडलं, ओल धरली, गवताखाली मेलेला थर साचला. म्हणजे भिंत मी घातली आणि हे मीच पोसलं. बरंय. दोन वर्षं झाली, ह्या फाटकाबाहेर गेले नाही मी. बाई ठेवून बघितली, ह्यांनी डाव्या हातानं तिच्या हातातलं ताट उडवलं. तीन वाजले की अजून त्या दाराकडं बघतात. मी दाराकडं पाठ करून बसते.

पाण्याचा जोरात फवारा मारायचा, समजलं. गवत दाताळ्यानं विंचरून काढायचं, तेही समजलं. आणि ते दार उघडं ठेवायचं, वारा खेळायला — सोपं आहे तुमचं. किल्ली आहे की, ही बघा, कमरेलाच आहे. पण उघडून म्हणायचं काय? किडा होता म्हणून? किडा आहे हे तुम्ही आज सांगितलंत. ती थुंकली नाही हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. ते कुठल्या तोंडानं सांगू —

थांबा. ऐका जरा.

अडकित्ता थांबलाय. कधीपासून ओ? मघाशी, मी तिच्या ओठांचं बोलत होते, तेव्हा येत होता का आवाज? आठवा ना. — नाही आठवत.

खाट ठोकताहेत हे. तीन वाजले असतील. पाइप तिथंच ठेवा, फवारा उद्या बघू — उद्याही नको, असू दे तो फेस तसाच, मी सांगेन साकेतला. तुम्ही निघा आता. आणि जाताना फाटक नीट ओढून घ्या.