मोर्चाले लग्नपत्रिकेचं अक्षर

तुमी त्या वेलबुट्टीच्या अक्षराले नावं ठेवता, म्हणून सांगतो. कापसाले भाव नव्हता, तेव्हा आमी तहसीलवर मोर्चा नेला. बॅनर केला बाळापूरच्या सलीमभाईनं. त्याचा धंदा लग्नपत्रिका छापाचा. प्रत्येक वेलांटीले पानं, प्रत्येक मात्रेवर फूल!

मी म्हटलं, "सलीमभाई, हे काहून असं? आपण भांडाले चाललो ना!"

"साध्या अक्षराकडे पाहते कोण?" त्यानं मलेच उलट विचारलं.

आधीच्या तीन मोर्चांत तहसीलदार साहेब खिडकीतही दिसले नव्हते. या खेपी डफडं वाजवत गेटावर पोचलो, अन् साहेब खुद हसत बाहेर आले. लांबून त्याईले फुलंच दिसली.

"अरे वा, वरात! नवरदेव कुठाय?"

आमचे देवरावकाका पुढं झाले. "तुमीच ना, साहेब! तीनदा दारात आलो, तुमीच बाहेर नाही निघाले." अन् निवेदन हातात ठेवलं.

पुढच्या मोर्चाच्या वेळी सलीमभाईनं विचारलं, "काका, अक्षर कोणतं टाकू?"

काका म्हणे, "तेच टाक. पण फुलं जरा मोठी कर. साहेब आता लांबूनच अक्षर वाचून राहिले."