तिसऱ्या डावापर्यंत थांब

हॅलो? … हां, बोल चिंगे. … दुकानातच आहे, जाते कुठं? सात पँटी आखूड करायच्यात, तोंडात टाचण्या आहेत. बोल तू.

… आईकडून बोलतेयस? आज, मंगळवारी? … बॅग घेऊन? … किती दिवसांची बॅग? … इस्त्रीसुद्धा नेलीस! मग प्रकरण गंभीर आहे.

… अगं रडू नकोस, मला एक अक्षर कळत नाहीये. नवऱ्यानं केलं काय? … हात उगारला? … नाही. … ओरडला? … नाही. … दुसरी कुणी आहे? … तेही नाही. मग?

… दुष्ट निघाला.

… चिंगे, हे रविवारच्या खेळातलं बोलतेयस का तू?

… नाही गं, हसत नाहीये. टाचणी टोचली. … हो, हो… अगं ऐक ना. माझ्या जेवणाच्या टेबलावर चार माणसं गोष्टीतली पात्रं होऊन फासे टाकत बसतात. त्यात तू धर्मयोद्धा आणि तुझा नवरा चोर. खेळात! उरलेले सहा दिवस तो बिचारा लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणत चष्मे विकतो. आणि तू त्या खेळापायी माहेर गाठलंस? धन्य आहे बाई तुझी.

… बरं, बरं. खेळाचं नाही, खोटेपणाचं आहे. बोल, ऐकतेय.

… हं. … हं. … म्हणजे समोर बसून साळसूद चेहऱ्यानं लपवतो, तर घरात काय काय लपवत असेल. … अस्सं. … आणि गेले तीन रविवार तो मला गुपचूप चिठ्ठ्या देतो. … देतो ना. मी सूत्रधार आहे, खेळातली गोष्ट मी चालवते, चिठ्ठ्या मलाच देणार. आईला देऊ?

या काका, या. ती करडी पँट ना? आत पडद्यामागे जाऊन घालून बघा. … तुला नाही गं, गिऱ्हाईक आहे.

हां, तर तुझा तो दुष्टशोध मंत्र. परवा नेमकं काय केलंस ते सांग बघू. … खानावळीत शिरलात. … मंत्र म्हटलास. … तो वीस बाजूंचा फासा टाकलास, सतरा पडले. … मला विचारलंस, 'इथं दुष्ट काही आहे का?' … आणि मी काय म्हणाले? … 'आहे.' बरोबर. आणि मग?

… मग काही नाही. मग तू त्याच्याकडे बोट दाखवलंस, 'मला माहीतच होतं' म्हणालीस, आणि नवऱ्याच्या पोटात तलवार खुपसलीस. त्याचा एक प्राण-गुण उरलाय, तो गेला की चोर मेला, कल्पना आहे ना? एक! वर घरी जाऊन बॅग भरलीस.

… चिंगे, तो मंत्र तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात लिहिलाय. कधी वाचलायस? … पाठ आहे. वा. मग म्हणून दाखव. … हं, पहिल्या डावात कळतं, आहे की नाही. … पुढं? … पुढं, बाई, पुढं! … दुसऱ्या डावात कळतं किती आहे. आणि तिसऱ्या डावात?

… मोठ्यानं बोल, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

… 'कुठं आहे.' शाब्बास. आणि तू किती डाव थांबलीस?

… एक. तुझं आधीपासूनच असं. कुकरची एक शिट्टी झाली की झाकण उघडायला धावायचीस.

काका, कंबर नाही, पायाचं माप बघायचंय! टाचेपाशी! … सॉरी गं. हां.

… मी का नाही सांगितलं? अगं विचारल्याशिवाय सूत्रधारानं सांगायचं नाही, हा नियम कुणी करायला लावला? पहिल्याच रविवारी? 'ताई आपल्याच माणसांना मदत करते' म्हणून कोण फुगून बसलं होतं? … हां, तीच.

… नाही. … नाही म्हणजे नाही. कुठं होतं ते पुढच्या रविवारी कळेल. गुपित आहे. … नाही सांगणार, चिंगे. … आईची शपथ घालू नकोस, ती शेजारीच उभी असेल.

… काय म्हणालीस? … परत म्हण. … वकिलाशी बोलणार?

… अगं ए. … थट्टा ना? … थट्टा नाही.

… थांब. फोन ठेवू नकोस. बटणांचा डबा कुठं गेला… चिठ्ठ्या त्यातच ठेवते मी… हे शर्टाचं, हे कोटाचं… सापडली. तीन आठवड्यांपूर्वीची. नियम मोडतेय हं मी, माझ्या जिवावर आलंय. पण तू ऐक आणि मधे बोलू नकोस.

'सूत्रधार ताई, थडग्यातून तिनं जी तलवार उचलली ती माझ्या चोरानं तपासली. शापित आहे. तिला कळू देऊ नका, तिला ती फार आवडलीय, घरी येतानाही तिचंच बोलत होती. शापाचा त्रास माझ्या चोराच्या अंगावर घेता येतो का? काय लागेल ते घ्या.'

… हो. अक्षर त्याचंच. इतकं घाण अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार?

… मी म्हटलं, घेता येतो, पण दर रविवारी दोन प्राण-गुण जातील. तो म्हणाला, चालेल. म्हणून तो सारखा खोकतो, म्हणून मागे मागे राहतो. तू म्हणायचीस ना, नक्की काहीतरी लपवतोय? लपवतच होता.

… दुष्ट तुझ्या हातात होतं, चिंगे. खानावळीत तेवढं एकच होतं. तेच तू त्याच्या पोटात घातलंस. आणि तो गप्प बसला, कारण बोलला असता तर तलवार तुला टाकावी लागली असती, धर्मयोद्ध्याला शापित शस्त्र चालत नाही.

… हॅलो? … चिंगे? … अगं आहेस ना?

… मी जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले का? … रागावू नकोस. मलाही त्या दिवशी वाईट वाटलं होतं गं. टेबल आवरताना तो एकटाच फासे गोळा करत बसला होता. तुझा निळा फासा त्यानं रुमालानं पुसून ठेवला, आणि मी मेली नियम धरून बसले.

… हॅलो? … कोण? … आई? ती कुठंय? … गेली? आत्ता? … बॅग? … बॅग तिथंच? इस्त्रीपण?

… नाही गं आई, कुणी दुष्ट नाही. तलवार होती. … कसली म्हणजे? कागदावर लिहिलेली. … नाही, मला ताप नाही.

… काय घालून गेली? … तुझ्या चपला? … नव्या?

… नाही आई, आता ती काही परत येत नाही. चपला विसर तू. … हो. … हो, ठेव आता, काका पडद्यामागे खोळंबलेत.