केवळाबाईची ब्राह्मी

...आणि वरून मलाच म्हणतात, कासाबाई, तुझा एक कान कायम शेजारच्या भिंतीला! आता भिंतच दोन घरांत एक, तिला मी काय करू? आपल्याला काय करायचंय म्हणून मी गपच असते... पण तुमाला सांगते, निजामाच्या राज्यातली गोष्ट, पोलीस ॲक्शनच्या आधी तीन-चार वर्षं, आमच्या चुडाव्यातली. शेजारची केवळाबाई विसरायला लागली. कालवणात कधी मीठ दोनदा, कधी मुळीच न्हाई. वासरू आपणच सोडलं अन् तासभर तेच धुंडीत बसली. नवरा धोंडीबा लय जीव लावणारा माणूस, त्यानं धसकाच घेतला. मला म्हणला, "वैनी, आज मीठ विसरली, उद्या मला विसरली तर?"

बाजारच्या दिवशी पूर्णेहून रेल्वेनं दिनकरराव वैद्य यायचे, ठेसनासमोरच्या लिंबाखाली बसायचे. त्यांनी नाडी धरली, म्हणाले, याददाश्त कमजोर झालीय, ब्राह्मीचा रस द्या, अनशापोटी. आणि पारखायला विचारलं, "बाई, मालकांचं नाव सांगा."

आता हे काय विचारणं झालं? आमच्या काळात बाई नवऱ्याचं नाव घ्यायची का? अन् केवळा तर एवढी कडक, धोंड्याचा महिना आला तरी 'ज्यादाचा महिना' म्हणायची! ती पदर तोंडाला लावून बसली. वैद्यांनी मान हलवली, गुण न्हाई, रस वाढवा. आपल्याला काय करायचंय, न्हाई का... तरी मी बोललेच, वैद्यबुवा, ती लाजायलीय. मग उखाण्यात घ्या म्हणाले. केवळानं उखाणा धरला, महादेवाच्या पिंडीपासून निघाली, गंगेला वळसा घालून आली अन् नावापाशी येऊन हसत थांबली. आता ही बाईची लाज की बाईचा विसर, कुणाला कळावं? रस अजून वाढला.

दर बाजाराला हेच. धोंडीबा मोटेच्या पाटाकडची ब्राह्मी खुडायचा, स्वतः पाट्यावर वाटायचा. बाप्या माणूस पाट्यावर! गाव हसायचं. केवळा तोंड वाकडं करून म्हणायची, अवं, पुरे की आता.

दोन पावसाळे गेले. एका दुपारी धोंडीबा बैलं सोडायलाय, अन् ओसरीवरून केवळानं हाक मारली. "धोंडीबा, पाणी पितोस का?"

'अवं' न्हाई, 'तुमी' न्हाई... माझ्या हातातलं सूप पडलं. धोंडीबा हसत-रडत ठेसनाकडं पळत सुटला, बाजारचाच दिवस होता ना! वैद्य म्हणाले, गुण आला. धोंडीबानं घरोघर गूळ वाटला.

पण तो पळाला तवा मी भिंतीवरून विचारलं होतं, केवळे, नाव कसं गं घेतलंस? ती कानात सांगितल्यासारखं हळू बोलली, "भला माणूस हाय बिचारा. रोज राबतो इथं. घरी त्याची बायको वाट बघत असंल की."

अख्ख्या चुडाव्याला बातम्या पुरवणारी मी... धोंडीबा दारात आला, "वैनी, घ्या, तोंड गोड करा." मी गूळ घेतला, गप खाल्ला. आपल्याला काय करायचंय...

त्या गुणाचा असा बोलबाला झाला की निम्म्या गावानं ब्राह्मी घेतली. मी बी घेतली, वर्षभर. म्हणून तर सगळं शब्दाला शब्द ध्यानात हाय. तेवढं एक विसरावं म्हणते, पण जमत न्हाई... धोंडीबानं स्वतः वाटून दिलेली, कमी पडंल कशी?