पडद्यावरचं प्लॅस्टिक

— तेच सांगतोय, पोपटराव, त्या मंगळवारीही असंच गिऱ्हाईक होतं समोर, वरवंडचं, तुमच्यासारखंच मोबाइलवर बघून शहाणं झालेलं. त्याच्या मॉनिटरवरचं प्लॅस्टिक सोलत होतो आणि दौंडहून फोन आला — ते राहू द्या. तुमचं बोला. सगळ्यात मोठा द्या म्हणता — ठेवणार कुठं? पलंगापुढच्या टेबलावर? म्हंजे नाक पडद्याला टेकणार. तुमचा साई गेम खेळताना बैलगाड्यांची शर्यत बघितल्यासारखी मान फिरवत बसेल. आणि हर्ट्झ जास्त पाहिजे. हर्ट्झ म्हंजे काय, ठाऊक आहे? नाही. सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, ते. पण तेवढी चित्रं काढायला आत ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात ते नाही. मग कशाला? पोराला गेम, तुम्हाला डेअरीचं काम — चोवीस इंची घ्या, अक्षर स्वच्छ दिसतं, डोळे दुखत नाहीत. यात विचार करण्यासारखं काही नाही, पण तुम्ही करणार.

आणि प्लॅस्टिक मी इथंच काढणार. तोंड वाकडं करू नका. सगळे हेच म्हणतात — असू द्या, नवा राहतो. सोफ्याचं काढत नाही, फ्रिजचं काढत नाही, आन् वर्षभरानं फुगे आले की मलाच येऊन सांगता, चित्र धुरकट दिसतं. कुणासाठी राखता हो? हा नियम आमच्या गौतमीचा. दौंडला रेल्वेत होती माझी पोरगी, सुट्टीला दुकानात बसायची. गिऱ्हाइकासमोर टर्रकन ओढायची — 'काका, वापरायलाच घेतलाय ना?' लोक चिडायचे. मला मजा वाटायची.

कुठला? वरच्या फळीवरचा? तो विकायचा नाही. हो, गेमिंगचाच. तिनं स्वतःसाठी निवडला होता — तिच्याकडं कार्ड होतं, तिला शोभत होता. मला हर्ट्झ तिनंच शिकवला, नाहीतर मीही तुमच्यासारखाच, मोठा तो चांगला म्हणणारा. रविवारी येऊन नेणार होती. मंगळवारी ड्युटीवर जाताना उसाच्या ट्रॉलीला स्कूटर — जागेवरच गेली, म्हणाले. वरवंडवाल्याचं अर्धं सोललेलं तसंच हातात होतं. तो माणूस आपणहून निघून गेला. तेवढी अक्कल होती त्याला.

बघताय काय वर? दिसतंय मला. उद्या या, पोपटराव, किंवा दुसऱ्या दुकानात जा. मला आज काही विकायचं नाही.

त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढायचं राहिलंय.